खोली क्रमांक चारमधली घंटा

पितळी घंटा, एक. पाटी, एक : ‘वाजवू नये’. कारंज्यात चाकांपर्यंत बुडालेली मोटार. टाळ्या पिटणाऱ्या सात मैत्रिणी. वय वर्षे सोळा, महिने दोन.

यांचा परस्परसंबंध ठरवण्याचे काम न्यायालयाकडे आले. मुलीने मुख्याध्यापकांची मोटार शाळेच्या कारंज्यात घातली होती, हे तिला मान्य होते. प्रश्न मेंदूचा होता. कच्चा ठरला तर ती आईबरोबर घरी. पक्का ठरला तर मोठ्यांच्या तुरुंगात. नियमानुसार घंटेसमोर दहा मिनिटे बसायचे. वाजवली तर कच्चा.

“अगं, वाजव की!” दारातून आई कुजबुजली.

“आई, पाटी वाच ना.”

मेंदूच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “साहेब, या वयात एकटं असताना डोकं ठिकाणावरच असतं. मैत्रिणी जमल्या की सुटतं. त्या सातजणींना आत बसवा, मग बघा.”

“चाचणीच्या वेळी गर्दीस मनाई आहे,” न्यायाधीश म्हणाले.

मुलगी एकटी दहा मिनिटे बसली. मग विचारून पाणी प्यायली. पक्का!

चाचणीच्या अर्जाच्या तळाशी ‘तुलनेसाठी प्रौढ नमुने जोडावेत’ असे छापलेले होते. कारकुनाने दुसऱ्याच मिनिटाला वाजवली. “चालू आहे का बघितलं, साहेब.” त्याने एकदा वाजवली म्हणून सरकारी वकिलांनी दोनदा वाजवली. मुख्याध्यापकांनी पाटीच्या भाषेचा निषेध म्हणून वाजवली. न्यायाधीशांनी आधी दार लावून घेतले.

चारही मेंदू कच्चे. नियमानुसार चौघांना पालकांच्या ताब्यात देण्यात आले. न्यायाधीशांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री आल्या आणि म्हणाल्या, “घरी चल, मग बघते तुला.”

“आई, एवढा निकाल वाचू दे ना!”

“कच्च्या मेंदूनं पक्क्याला शिक्षा द्यायची?” डॉक्टरबाईंनी विचारले.

“नियमात मनाई नाही.”

आता मुलीने घंटेकडे झेप घेतली. “थांबा, मीपण वाजवते!”

“परिणामांचा विचार करून?” न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला. “मग तर फारच पक्का.” आणि ते आईचे बोट धरून निघून गेले.

मुलीला नेल्यावर बाहेर थांबलेले आपण प्रेक्षक घंटेपुढे रांगेत उभे राहिलो. तुम्ही माझ्या मागे होतात आणि ढकलत होतात.

तुरुंगाच्या शिवणखात्याने लहान मापाचा गणवेश सोमवारीच शिवून ठेवला होता. चाचणी गुरुवारी झाली.