जावईबापू, जागचं हलायचं नाही

फुटबॉल क्लबचे चिटणीस आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून मुलीच्या लग्नाची तारीख ठरवत होते, तेव्हा त्यांच्यासमोर राष्ट्रीय चषकाचं वेळापत्रक उघडं होतं. वेळापत्रक बघून लग्नाची तारीख काढणारा बाप म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातला, असं कुणाला वाटेल. पण चिटणिसांचा हिशेब चोख होता. लग्न क्लबच्या मैदानावर, मोकळ्या हवेत लावायचं होतं, कारण व्याह्यांचा गोतावळा कुठल्याच सभागृहात मावला नसता. आणि तिसऱ्या फेरीच्या रविवारी मैदान रिकामं असणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

ही स्पर्धा म्हणजे देशातल्या कुठल्याही क्लबाने उतरावं, आणि हरलं की त्याच दिवशी गाशा गुंडाळून घरी बसावं. चिटणिसांचा क्लब दरवर्षी उतरायचा आणि दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी बसायचा. आता तर त्याची रीतच पडून गेली होती. पहिली फेरी संपली, की अर्ध्या तासात गोलचे खांब उपटले जायचे आणि वर्षभरासाठी गरजूंना वाटले जायचे. आडवे खांब लाँड्रीवाल्याकडे, चादरी वाळत घालायला. उभे औषधवाल्याच्या दुकानापुढे, ताडपत्रीला टेकू म्हणून.

"मैदान मिळालं," चिटणिसांनी घरी येऊन सांगितलं.

"कमिटीला विचारलंत?" बायकोने विचारलं.

"कमिटी म्हणजे कोण गं? मीच ना?"

"तुम्ही आणि आणखी सहा जण."

"ते सहा जण लग्नाला जेवायला येणारच आहेत. तेव्हा विचारतो."

व्याही वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. हयातभर दुकानदारांचे काटे तपासून त्यांचा चेहराही काट्यासारखा झाला होता, जरा कमीजास्त झालं की लगेच हलायचा. मुलगा मात्र गरीब गाय. दातांचा डॉक्टर. लग्नानंतर दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात रुजू व्हायचा होता, आणि हौस म्हणून क्लबच्या संघात राखीव गोलरक्षक होता. राखीव म्हणजे इतका राखीव, की त्याच्या जर्सीची अजून घडीही मोडली नव्हती.

आणि मग पहिल्या फेरीत क्लब जिंकला.

यात क्लबचा काही दोष नव्हता. पाहुण्या संघाच्या बचावपटूने चेंडू डोक्याने मागे आपल्या गोलरक्षकाकडे ढकलला, आणि गोलरक्षक नेमका बुटाची नाडी बांधत होता. एक-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा सवयीप्रमाणे खांब उपटायला आलेली माणसं कुदळ घेऊन तयारच होती. आपण जिंकलोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला नसता. खांब गेले. दुसऱ्या फेरीआधी ते परत मागायला चिटणिसांनाच दारोदार हिंडावं लागलं.

"टेकू काढला तर ताडपत्री माझ्या डोक्यावर येईल," औषधवाला म्हणाला. "आणि आता कशाला हवेत? हरलात ना?"

"जिंकलो."

"काय सांगता. आता कसं वाटतंय? ताप वगैरे?"

चिटणिसांना खरंच ताप आल्यासारखं वाटत होतं. पण दुसऱ्या फेरीत गाठ बंदरावरच्या हमालांच्या संघाशी होती. ती मंडळी एकेक म्हणजे दरवाजा. तरी देवावर हवाला ठेवून चालणार नव्हतं. यदाकदाचित जिंकलो आणि तिसऱ्या फेरीची चिठ्ठी आपल्याच मैदानाची निघाली, तर ते द्यावं लागणार. नाही दिलं, तर संघ बाद. का नाही दिलं असं कमिटी विचारणार, आणि कमिटीला न विचारता ते स्वतःच्याच मुलीच्या लग्नाला दिलंय असं चिटणिसांना सांगावं लागणार. त्यापेक्षा सभ्यपणे हरलेलं बरं.

क्लबचा खरा गोलरक्षक होता बेकरीवाला. कणीक मळून मळून त्याचे हात असे झाले होते, की चेंडू त्यात जाऊन बसायचा. चिटणिसांनी त्याला दुकानात बोलावलं, खुर्चीत बसवलं, त्याच्या नाकावर काचांची चौकट चढवली आणि बराच वेळ "हं... हं..." केलं.

"काय झालंय?" बेकरीवाल्याने घाबरून विचारलं.

"तसं काही नाही. डोळ्यांना विश्रांती हवी. काही दिवस हलत्या वस्तूंकडे बघायचं नाही."

"म्हणजे कशाकडे?"

"उदाहरणार्थ, चेंडू."

बेकरीवाला इतका मनाला लावून घेणारा निघाला, की तो भट्टीकडेही बघेनासा झाला. चार दिवस गावाने करपलेला पाव खाल्ला.

मग चिटणिसांनी भावी जावयाला बाजूला घेतलं. खरं कारण सांगून टाकलं, कारण या एका माणसाचा तरी हरण्यात फायदा होता.

"जावईबापू, तुमचंच लग्न आहे. गोलमध्ये उभं राहायचं. नुसतं उभं. जागचं हलायचं नाही."

"चेंडू आला तरी?"

"आला तर येऊ दे. तुम्ही दगडासारखे उभे राहा."

"आणि अंगावर आला तर?"

"इतके खेळाडू काय तुमच्या अंगावर मारणार आहेत? जाळं केवढं मोठं असतं."

जावई इतका आज्ञाधारक असू नये. सामना सुरू झाला आणि दातांचा डॉक्टर गोलच्या मधोमध हात बाजूला सोडून उभा राहिला, तो राहिलाच. बंदरावरचे हमाल आधी हसले. मग त्यांना शंका आली, की हा हलत नाही म्हणजे याच्या मनात काहीतरी काळंबेरं असणार. हा ऐन वेळी कुठून झेप घेईल याचा नेम नाही, असं वाटून ते चेंडू अगदी कोपऱ्यात मारायला गेले, आणि प्रत्येक चेंडू कोपऱ्याच्याही पलीकडे, लाँड्रीवाल्याच्या चादरींत जाऊन पडला. इकडे क्लबच्या पोरांनाही गोल करता आला नाही, पण ते नेहमीचंच.

बरोबरी. नियमाप्रमाणे निकाल पेनल्टींवर. हमालांच्या प्रशिक्षकाने आपल्या पोरांना कानमंत्र दिला. पेनल्टीला गोलरक्षक डावीउजवीकडे उडी मारतोच, तेव्हा चेंडू सरळ मधोमध हाणा. पहिला चेंडू डॉक्टरच्या छातीवर बसला. दुसरा पोटात. तिसरा गुडघ्यावर. चौथा खांद्यावर. पाचवा कपाळावर बसला तेव्हा डॉक्टर जाग्यावर आडवा झाला, पण जागचा हलला नाही. क्लबने तेवढ्यात कसाबसा एक गोल केला होता, तो पुरला.

गावाने दातांच्या डॉक्टरला खांद्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'खांब' पडलं. चिटणीस रिकाम्या गोलपाशी एकटेच उभे होते. आता निदान तिसरी फेरी दुसऱ्यांच्या मैदानावर निघावी, म्हणून त्यांनी देव पाण्यात घातले. चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा सामना आपल्याच मैदानावर, लग्नाच्याच दिवशी, आणि समोर गतवर्षीचे विजेते.

"आता काय करणार?" बायको म्हणाली. "नवरामुलगा एका टोकाला गोलमध्ये आणि नवरी दुसऱ्या टोकाला?"

"व्याह्यांशी बोलतो."

"काय बोलणार? तारीख त्यांनी देशोदेशी कळवली आहे. ते तुम्हाला तागडीत घालतील."

चिटणीस मान खाली घालून व्याह्यांकडे गेले. दारातच त्यांना व्याही दिसले. गळ्यात क्लबच्या रंगाचा मफलर. सोयरीक जुळल्यापासून या माणसाला हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि आता त्यांचे सगळे दात एकदम दिसत होते.

"या, या. मीच येणार होतो. मी सगळ्यांना कळवून टाकलंय, की लग्न पुढच्या रविवारी."

"पण... तारीख बदलायची नाही असं आपलं ठरलं होतं."

"अहो, लग्नं रोज होतात. आमच्या घराण्यात आजवर कुणाला खांद्यावर घेतलं होतं का? म्हणजे, चालत्या-बोलत्या माणसाला?"

"आणि तिसरी फेरीही जिंकलो तर?"

"विजेत्यांशी?" व्याही मापात हसले. "पुढच्या रविवारी मैदान रिकामंच."

घरी मुलीने हे शांतपणे ऐकून घेतलं. ती शांत असली की चिटणीस घाबरत.

"बाबा, माझं लग्न म्हणजे काय राखीव खेळाडू आहे? कुणाला जमलं नाही तर उतरवायचा?"

"पुढचा रविवार नक्की गं."

"पुढच्या रविवारनंतर त्याची सुट्टी संपते. सोमवारी त्याला नव्या इस्पितळात रुजू व्हायचंय, आणि तिथे वर्षभर रजा नाही. जिंकलात तर माझं लग्न वर्षभर गेलं. कळतंय का तुम्हाला?"

चिटणिसांना कळत होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी त्याला सांगतो," ते म्हणाले.

"तुम्ही काही सांगू नका. तुमच्या सांगण्यानेच हे झालंय. काय सांगायचं ते मी सांगेन."

सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेरच्या झाडांवरसुद्धा जागा नव्हती. बेकरीवाला काळा चष्मा लावून पाठमोरा बसला होता आणि काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारत होता. चिटणीस गोलच्या मागे उभे राहिले. आज हरायचंय, हे त्यांनी स्वतःला चारचारदा बजावलं.

विजेत्यांचा पहिला चेंडू आला आणि खांब उडाला. डावीकडे, चांगला सहा फूट, हात पसरून, बघत राहावं असा. तो आधी जिथे उभा होता तिथूनच चेंडू आत गेला. दुसऱ्या वेळी तो उजवीकडे उडाला, चेंडू पुन्हा मधून. डॉक्टर जीव तोडून खेळत होता. त्याचे कोपर फुटले, गुडघे सोलले, तोंडात माती गेली, आणि प्रत्येक चेंडू त्याने नुकत्याच रिकाम्या केलेल्या जागेतून निवांत आत जात होता.

तिसऱ्या गोलनंतर चिटणिसांना लग्नाचा विसर पडला. "अहो, उभे राहा ना!" ते ओरडले. "जावईबापू, जागचं हलू नका!"

सहा गोल झाले. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा चिटणीस जाळीला धरून ढसाढसा रडत होते. सगळ्या गावात रडणारे ते एकटेच. बाकीचे, तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचल्याच्या आनंदात, टाळ्या वाजवत होते.

"रडताय कशाला?" बायकोने विचारलं. "हरायचंच होतं ना?"

"हरायचं होतं," चिटणीस डोळे पुसत म्हणाले. "पण पाचवा गोल ऑफसाइड होता गं."

"वीतभर पुढे होता," मागून व्याही म्हणाले. त्यांचेही डोळे लाल होते. "मी नजरेनेच मोजलंय."

पुढच्या रविवारी लग्न लागलं. खांब उपटायला माणसं आली होती, पण चिटणिसांनी त्यांना हाकलून दिलं. शेवटी मांडव गोलभोवतीच घालावा लागला आणि नवरानवरी आडव्या खांबाखाली बसली. नवऱ्याच्या दोन्ही कोपरांना पट्ट्या होत्या. कमिटीचे सहाही जण जेवायला आले, पण मैदानाचा विषय एकानेही काढला नाही, कारण जेवण चांगलं होतं.

निरोपाच्या वेळी चिटणिसांनी मुलीला हळूच विचारलं, "तू त्याला सांगितलंस तरी काय? हर म्हणून?"

"छे. असं कसं सांगेन? मनापासून खेळ, एवढंच म्हटलं."

"आणि जिंकला असता तर?"

"बाबा," ती म्हणाली, "मी त्याला कॉलेजपासून मनापासून खेळताना बघतेय."

वर्ष सरत आलं आणि औषधवाला चिटणिसांच्या दुकानात आला. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. ताडपत्री दोरीने बांधून घेतो, खांब नाही मिळाले तरी चालेल, फक्त चौथ्या फेरीच्या रविवारी मैदान मिळालं तर बरं होईल, असं तो म्हणाला.

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चौथ्या फेरीच्या दिवशी? जमणार नाही हो. आम्हाला लागेल."

"मग नंतरच्या रविवारी?"

"नंतर उपांत्य फेरी." त्यांनी वेळापत्रकावर बोट फिरवलं. "तुम्ही असं करा, अंतिम सामन्यानंतरचं बघा."

औषधवाल्याने मुकाट्याने एक महागडं सभागृह घेतलं. क्लब त्या वर्षी पहिल्याच फेरीत हरला. मैदान सगळा मोसम रिकामं पडून होतं, पण खांबांना चिटणिसांनी कुणाला हात लावू दिला नाही.