बाल्कनीसह घर

नव्या घरात राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, चष्मेवाल्या बाई स्वतःच्याच बाल्कनीत कोंडल्या गेल्या.

झालं एवढंच, की त्या पायपुसणं झटकायला बाहेर गेल्या, वारा आला, दार धाडकन लागलं आणि आतला खटका आपसूक खाली पडला. बाईंनी पायपुसणं आधी नीट झटकलं, घडी घातली आणि मग दार ढकललं. हललं नाही. ओढायला गेल्या, तर बाहेरून मूठच नव्हती. काचेतून आतलं सगळं घर दिसत होतं. सगळं म्हणजे एक खोली, एक ओटा आणि न उघडलेली खोकी. ओट्यावर मोबाइल होता आणि मोबाइलशेजारी किल्ल्या.

बाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायच्या. "आता बरं दिसतंय की मघाशी?" हे विचारता विचारता त्यांची उमेदीची वर्षं निघून गेली होती, आणि ती सगळी भाड्याच्या खोल्यांतून. घर घ्यायचं ठरवलं तेव्हा वहिनी फोनवर म्हणाली होती, "एकटीला काय करायचंय हो ताई घर? निवृत्त झालात की या आमच्याकडे." वहिनीचं 'या' बाईंच्या ओळखीचं होतं. त्याला कधी तारीख नसायची.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण या शहरात बाईंच्या पगाराचं अंथरूण म्हणजे हातरुमाल. त्यांनी आपला आकडा सांगितला की एजंट आधी हसायचा, मग गंभीर व्हायचा आणि मग विचारायचा, "हे नुसतं डाउन पेमेंट ना?" काय काय पाहिलं होतं त्यांनी! एका घरात पलंग टाकला असता तर दार उघडलं नसतं. दुसऱ्याला स्वयंपाकघर ऐसपैस होतं, पण त्यातून शेजाऱ्यांचा जायचा-यायचा रस्ता होता. शेवटी हे मिळालं. चौथा मजला, आणि लिफ्ट तिसऱ्यापर्यंत. "पण बाल्कनी आहे, बाई," एजंट म्हणाला होता. "लोकांच्या हयाती जातात, बाल्कनी मिळत नाही." बाल्कनीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ होती आणि खाली स्कूटर लावायची जागा. तरी बाईंना ती आवडली. बँकेचा शेवटचा हप्ता आणि नोकरीतला शेवटचा पगार एकाच महिन्यात येत होते.

केसातली पिन फटीत घालून बाईंनी खटका उचलायचा प्रयत्न केला. पिन आत पडली. आता आत आणखी एक वस्तू झाली आणि बाहेर एक कमी. तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला. बाईंनी काचेला नाक लावून पाहिलं. दादाच असणार, त्यांना वाटलं. घर लागलं का, विचारत असेल. मोबाइल थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

खाली एक गृहस्थ स्कूटर पुसत होते.

"अहो! अहो, जरा वॉचमनला पाठवता का? मी अडकलेय."

गृहस्थांनी मान वर केली. "कुणाकडे आला आहात?"

"कुणाकडे नाही. मी इथेच राहते."

"कधीपासून?"

"कालपासून."

हे उत्तर त्यांना पटलेलं दिसलं नाही, पण ते गेले. थोड्या वेळाने घरात बेल वाजली. नव्या घराची पहिली बेल! बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, "इकडे, बाल्कनीत!" बेल आणखी दोनदा वाजली आणि बंद झाली. मग वॉचमन खाली स्कूटरींपाशी उगवला.

"बाई, त्या घरात कुणी नाहीये. मी बेल वाजवून आलो."

"अहो, मी आहे ना!"

"तुम्ही तर बाहेर आहात."

वॉचमनने वहीत पाहून त्या घराच्या नंबरावर फोन लावला. तो अजून जुन्या मालकाचाच होता. जुना मालक म्हणाला, "मी ते विकलंय. तिथे कुणी राहत नाही. कुणालाही आत सोडू नका." झालं. वॉचमनची नजर बदलली आणि तो सेक्रेटरींना घेऊन आला. सेक्रेटरी लेंग्यावर कोट चढवून आले. पाठोपाठ इतर बाल्कन्यांत माणसं दिसू लागली.

"दुसरी किल्ली कुणाकडे असते?" सेक्रेटरींनी खालून विचारलं.

"माझ्याकडेच."

"तीन मिळतात ना? तिसरी?"

"तीही."

एजंटाने किल्ल्या हातात दिल्या तेव्हा बाईंनी विचार केला होता, कुणाला द्याव्यात म्हणून. बराच वेळ केला होता. मग तिन्ही एकाच कडीत अडकवल्या होत्या.

"मग दार फोडावं लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "पण त्याला मालकाची लेखी संमती लागते."

"मालक मीच आहे!"

"मग द्या की लेखी."

आता शेजारच्या बाल्कनीचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या एक काकू बाहेर आल्या. दोन बाल्कन्यांमध्ये तीन-चार हातांचं अंतर होतं. काकूंच्या एका हातात कागद-पेन होतं, दुसऱ्यात फरशी पुसायचा दांडा.

"मी मघापासून ऐकतेय," त्या हळूच म्हणाल्या. "पण म्हटलं, ओळख ना पाळख, मध्ये कसं बोलायचं!"

त्यांनी कागद-पेन कपड्यांच्या चिमट्याने दांड्याला लावलं आणि दांडा पुढे केला. बाईंनी कठड्यावर कागद ठेवून लिहिलं, 'मला माझ्या घरात शिरता यावं म्हणून माझं दार फोडण्यास माझी हरकत नाही.' कागद काकूंकडे गेला, तिथून खाली. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला.

"तारीख राहिली!"

कागद पुन्हा वर आला. बाई तारीख लिहीत असताना काकूंनी विचारलं, "बाकीची मंडळी कधी येणार तुमची?"

"मंडळी नाहीत. मी एकटीच."

"एवढ्या मोठ्या घरात?"

या घराला मोठं म्हणणारं पहिलंच माणूस बाईंना भेटलं होतं.

सुतार आला. दोन दणक्यांत कुलूप गेलं, तिसऱ्यात दाराची फळी उभी चिरली. त्या मोकळ्या चौकटीतून सुतार, वॉचमन, सेक्रेटरी, स्कूटरवाले गृहस्थ आणि अख्खा चौथा मजला आत आला. कुणीतरी एका बोटाने खटका उचलला आणि बाई आपल्या घरात पाहुण्यासारख्या शिरल्या.

"किती स्क्वेअर फूट?" एकाने विचारलं.

"बाल्कनी धरून की सोडून?" दुसऱ्याने विचारलं.

"केवढ्याला पडलं?"

बाईंनी सांगितलं.

"फसवलं तुम्हाला," स्कूटरवाले म्हणाले, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाई चहाचं भांडं कुठल्या खोक्यात आहे ते शोधेपर्यंत मंडळी पांगलीसुद्धा. सुतार दार खांद्यावर टाकून घेऊन गेला. "नवं उद्या संध्याकाळी बसवतो," एवढं म्हणाला.

बाईंनी मोबाइल हातात घेतला. सात मिस्ड कॉल होते, सगळे एकाच अनोळखी नंबराचे. त्यांनी लावला.

"मॅडम, स्वस्त व्याजात गृहकर्ज हवंय का?" पलीकडचा मुलगा म्हणाला.

"झालं हो घेऊन," बाई म्हणाल्या. मग त्याने सहज विचारलं, कुठे घेतलं, कसं आहे, आणि बाईंनी त्याला सगळं सांगितलं. बाल्कनीचंही. शेवटी त्यालाच दुसरा फोन करायचा होता, म्हणून ठेवावा लागला.

दुपारी मोकळ्या चौकटीत खुर्ची आली, आणि मागून काकू.

"दार नाही तर बाहेर कशा जाल? काय आणायचं ते घेऊन या. मी बसते इथे."

बाई दूध-साखर घेऊन परत आल्या तरी काकू उठल्या नाहीत. चहा घेताना, कपात बघतच त्या म्हणाल्या, "माझंही असंच झालं होतं. तोच खटका, तसंच दार."

"मग?"

"मी नाही हाक मारली कुणाला. लाज वाटली. म्हटलं, येईल कुणीतरी. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानेच दार हललं आणि खटका निसटला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आमच्याकडेही तीन किल्ल्या आहेत. दोन घरात आणि एक मुलीकडे."

"जवळ राहते का मुलगी?"

"विमानाने जावं लागतं."

बाईंना एकदम वाटलं, आपली एक किल्ली काढून यांना द्यावी. त्यांनी कडी हातात घेतलीही. मग लक्षात आलं, की कुलूपच फुटलंय.

"नवं बसलं की एक तुमच्याकडे ठेवते," त्या म्हणाल्या.

"बघू," काकू म्हणाल्या आणि खुर्ची उचलून गेल्या.

नवं दार बसलं, नव्या किल्ल्या आल्या. पण बाई सकाळी लवकर निघायच्या, संध्याकाळी उशिरा यायच्या आणि काकूंचं दार दोन्ही वेळा बंद असायचं. एका संध्याकाळी किल्ली मुठीत धरून त्या बेलपर्यंत गेल्या. काकूंचं 'बघू' म्हणजे नकोच असेल, असं मनात आलं आणि परत फिरल्या. घरात सगळी खोकी उघडून झाली होती. रिकामी खोकी टाकली तर खोली एकदम मोठी वाटू लागली. खरंच मोठी.

पुढच्या रविवारी बाई ओटा पुसत होत्या, तर बाहेरून हाक आली.

"अहो चष्मेवाल्या! आहात का घरात? अडकले हो मी!"

बाई फडकं टाकून बाल्कनीत धावल्या. जाताना दारात आधी खुर्ची अडकवली. काकू पलीकडे कठड्याला धरून उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले होते आणि अंगावर चांगली साडी होती.

"पडला मेला खटका," त्या म्हणाल्या.

बाईंनी काकूंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. दार वीतभर उघडं होतं, आणि त्या फटीतून आतला पडदा वाऱ्याने बाहेर येत होता, आत जात होता.

"सुताराला बोलवू का?" बाईंनी विचारलं.

"नको, नको! एवढी काय घाई आहे? तुम्हाला कुठे जायचंय का?"

"छे हो. मला कुठे जायचंय!" बाई म्हणाल्या. "थांबा तिथेच. चहा टाकते."

"साखर कमी घाला," काकू म्हणाल्या.

कप दांड्याने कसा पोचवायचा, हा प्रश्नच होता.