मांजरेकर काकांची डबल बेल

शुक्रवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळचे पावणेसहा. मस्कतला आमच्या इमारतीखाली तेवीस पाण्याच्या बाटल्यांवर मार्करने नावं घालून झाली होती. आता खोकं बसमध्ये चढवायचं होतं, आणि मांजरेकर काका दारातून हलत नव्हते.

"तिकीट?"

"काका, ही सहल मीच काढलीय."

"ते ठीक. तिकीट?"

काका चिपळूण आगारातले निवृत्त कंडक्टर. मुलगा निलेश दुक्मला बंदराच्या कामावर असतो, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. बाकीचे दिवस आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये काका आणि सुलभाकाकू दोघंच. आई-वडिलांना थंडीत इकडे बोलवून आम्ही सगळे ऑफिसला पळतो, म्हणून या मंडळींची सहल काढायची हे काम दरवर्षी माझ्या गळ्यात असतं. काकांनी मात्र ती आपल्या ताब्यात घेतली होती. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एकवीस तिकिटं कापली होती. तेवीस माणसांना एकवीस, कारण कंडक्टरला तिकीट नसतं आणि त्याच्या बायकोचा पास असतो. भोक पाडायचा चिमटासुद्धा त्यांनी चिपळूणहून आणला होता.

मी मुकाट्याने तिकीट घेतलं. काकांनी त्याला भोक पाडलं. "पुढे सरका, पाठीमागं जागा आहे!" अर्धी बस रिकामी होती.

ड्रायव्हर हमीद राजापूरचा निघाला, तिथेच माझा कारभार संपला. बसला घंटी नव्हती. काका चिमट्याने दांडीवर दोन टोले मारायचे, हमीद बस सोडायचा. मी "यल्ला हमीदभाई, चला" म्हटलं तर तो आरशातून काकांकडे बघायचा. "ताई, डबल बेल झाली नाय अजून."

मला आधीच धास्ती. तेवीस माणसं, त्यातल्या अकरा जणांना बीपी, आणि दर दहा मिनिटांनी कुणाच्या तरी मुलाचा फोन, आईने गोळी घेतली का. त्यात माझ्या सासूबाई. "नदीकाठचं गाव म्हणालीस, नदी कुठाय?"

"हीच नदी, आई. वादी म्हणतात. पाऊस पडला की वाहते."

"म्हणजे दगड बघायला आलो."

काकूंना काही विचारलं की उत्तर काका द्यायचे. काकू, चहा घेणार? "तिला नको." काकू, कशी वाटली सहल? "आवडली तिला." काकू नुसत्या हसायच्या. उतरताना काका त्यांचं मनगट धरायचे. बायकोलासुद्धा सामानासारखं सांभाळतो हा माणूस, असं माझं मत झालं होतं.

सोहार शहरापासून आत डोंगरात तांब्याची एक बंद पडलेली खाण आहे. दुपारी तिथे उतरलो. धातूच्या काळ्या मळीचे ढीग, गंजलेलं कुंपण, फाटकाशी राखणदाराची खोली. "तांबं ना, मग लाल का नाही?" यावर मंडळींचं भांडण झालं, फोटो झाले, स्वच्छतागृहाची रांग झाली. काका दारात उभे राहून भोकं पाडत होते. "एकवीस बरोबर!" टोले पडले. बस सुटली. मी फोनवर कुणाच्या तरी मुलीला सांगत होते, हो, टोपी घातलीय.

पंधरा-वीस मिनिटांनी मी केळी वाटायला उठले. काका हमीदजवळ उभे राहून कुंभार्ली घाटात ब्रेक गेल्याची गोष्ट सांगत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या सीटवर काकूंची शाल होती.

"काका, काकू कुठायत?"

"बसल्यात की."

"कुठे?"

काकांनी वळून पाहिलं. मग तिकिटं मोजायला लागले.

"तिकिटं काय मोजताय! हमीदभाई, फिरवा बस."

बसमध्ये एकदम गलका झाला. फोन लावा, पोलिसांना सांगा. काकूंकडे फोन नव्हता. खाणीवर कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी म्हटलं, "राखणदार आहे तिथे. काकू नाव सांगतील, मस्कत म्हणतील, कळेल त्याला."

"नाही सांगणार," काका म्हणाले. त्यांनी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. "सकाळी आठवतं तिला. दुपारनंतर स्वतःचं नाव पण नाही. चालायला लागली की चालतच राहते."



"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. निलेशला माहीत नाही. तो आला की मी तिला सकाळीच गप्पा मारायला बसवतो, दुपारी झोपलीय म्हणून सांगतो." ते काचेतून रस्त्याच्या कडेला शोधत होते. "दीड वर्षात तिचा हात सोडला नव्हता मी. आज दारात उभा राहिलो, सगळ्यांनी तिकिटं पुढे केली, आणि ती बरोबर आहे हेच विसरलो. बरं वाटत होतं हो मला."

 मी रस्त्याच्या डाव्या बाजूला बघत होते, हमीद उजव्या. नुसते दगड आणि बाभळी. प्रत्येक झुडूप मला माणूस वाटत होतं.

काकू फाटकाशी होत्या, राखणदाराच्या खुर्चीत. म्हातारा ओमानी बिचारा स्वतः उन्हात उभा. काकूंच्या हातात कहव्याचा कप, मांडीवर चार खजूर. मी शुक्रन शुक्रन म्हणत त्याचे आभार मानत सुटले. त्याने नुसता छातीवर हात ठेवला.

काका धावत उतरले आणि दोन पावलांवर थबकले. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, हातातल्या चिमट्याकडे पाहिलं.

"मास्तर, ही गाडी चिपळूणला जाते का हो?"

"जाते," काका म्हणाले. "चला. जागा आहे."

मस्कतपर्यंत काका त्यांच्या शेजारून उठले नाहीत. बाकीचे थांबे मीच सांभाळले, माणसं डोक्यांनी मोजली. उतरताना काका हळूच म्हणाले, "निलेशला कळवू नका. नोकरी टाकून येईल तो."

मी काकूंची शाल घडी करून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांची बेल वाजवली. निलेशचा नंबर लावला, वाजायला लागल्यावर फोन काकांच्या हातात दिला, आणि काकूंना मटार सोलायला माझ्या घरी घेऊन आले.