सासूबाईंच्या ताटल्या

ब्रेंडलच्या बाळंतपणासाठी तिची आई त्झिरेलबाई हैफाहून इस्रायलमधल्याच बनेई ब्राक गावी आली होती. घरात आधीची पाच पोरं, त्यात हे नवं बाळ (दिवसा साळसूद, रात्री गवई). ब्रेंडलच्या नवऱ्याच्या, म्हणजे फिशेलच्या, डोळ्याला कित्येक दिवस डोळा लागला नव्हता. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सक्तीच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, दुपारी सासूबाई पोरं सांभाळतील आणि आपण ताणून देऊ, या एका आशेवर त्याने आठवडा ढकलला होता.

जेवणं झाली. सासूबाई पोरांचे हात धुवायला गेल्या आणि झोपेसाठी आतुर झालेल्या फिशेलला मदत करायची बुद्धी झाली. (नवऱ्याला अशी बुद्धी झाली की समजावं, घराचे ग्रह फिरले.) टेबलावरच्या पातळ प्लास्टिकचे चारी कोपरे धरून, ताटल्या आणि सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांसकट त्याने गाठोडं केलं आणि खाली अंगणातल्या कचरापेटीत टाकून आला. उशीला डोकं टेकतंय न टेकतंय तोच हाक आली.

"जावईबापू, माझ्या ताटल्या कुठायत?"

"टाकल्या, आई. प्लास्टिकच्या तर होत्या. वापरून टाकायच्या."

"टाकल्या? वल्हांडणाच्या सणापासून धुऊन धुऊन वापरतेय मी त्या! या घरात वापरून झालं की टाकतात होय? मग मीही वापरून झालेच. शब्बाथ सुटला की पहिल्या बसने हैफा!"

सहा पोरं, बाळंतीण आणि आपण एकटे! फिशेलच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाली धावला, पेटीत हात घालणार तोच थबकला. टाकून दिलेल्या कचऱ्याला शब्बाथला हात लावता येत नाही. तो तसाच जिने चढून वरच्या मजल्यावरच्या धर्मगुरूंकडे, रब्बी युदेलांकडे, गेला. त्यांचीही झोपमोड झाली.

"ताटल्या कुणाच्या?" रब्बींनी डोळे चोळत विचारलं.

"सासूबाईंच्या."

"त्यांनी टाकल्या?"

"छे! त्या दोऱ्याचा तुकडासुद्धा टाकत नाहीत."

"मग तुम्ही टाकून काय होतंय? मालकिणीच्या लेखी ती अजून भांडीच. खुशाल काढा. टरफलांना हात लावू नका, नुसती झटका. आणि आजच पुन्हा वापरणार असाल तरच धुवा; उद्याची तयारी शब्बाथला चालत नाही."

"आजच वापरतो."

"मग आता मला झोपू द्या."

फिशेलने पेटीतलं वरचं गाठोडं उचललं, टरफलं झटकली आणि ताटल्या घरी आणून गार पाण्याने घासल्या. त्यांना माशाचा वास का येतोय, हा विचार करायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

सासूबाईंनी टेबलावरच्या ताटल्यांकडे वाकून पाहिलं.

"या माझ्या नव्हेत. माझ्या ताटल्यांना निळी कड आहे."

तो रब्बींकडे गेलेला असताना कुणा शेजाऱ्याने आपलं गाठोडं त्याच्या गाठोड्यावर आणून टाकलं होतं. म्हणजे फिशेलने शब्बाथच्या दिवशी लोकांचा अस्सल कचरा घरात आणून चकचकीत घासला होता! तो मटकन खाली बसला.

सासूबाईंचा चेहरा मात्र खुलला होता.

"किती छान आहेत हो! कोण मेलं असलं टाकतं? आता हात लावू नका, कचरा आहे तो. शब्बाथ सुटला की मी पिशवीत भरते. उठा, माझ्या घेऊन या. आणि जाताच आहात, तर पेटीत आणखी काय काय चांगलंचुंगलं पडलंय तेही बघा. हात नका लावू. नुसतं लक्षात ठेवा."