थांबवा म्हटलं होतं

चहाची पत्ती कागदाच्या पुडीत बांधताना निवृत्त हेडमास्तर तणतणत होते, कारण पत्तीच्या डब्याचं घुबड झालं होतं. तेलाच्या डब्याचा मासा, पावडरच्या डब्याचा पोपट. बायकोने कात्री आणि पक्कड हातात घेतल्यापासून घरात एक डबा धड राहिला नव्हता.

शेवटी दोघांत तह झाला. झाकण घट्ट असलेला डबा हेडमास्तरांचा, झाकण सैल असलेला तिचा.

पण हे भंगार वाचनालयात मांडायचं ठरलं तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. एका दिवसाच्या प्रदर्शनासाठी वर्तमानपत्रं वाचायची खोली बंद? माजी अध्यक्ष म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. शेवटचं वाक्य त्यांनी आरशासमोर घोटून ठेवलं होतं. ‘हे प्रदर्शन ताबडतोब थांबवा.’

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी त्यांनी कवळी धुऊन खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली, वारा लागावा म्हणून झाकण जरा सैल ठेवलं आणि डुलकी काढली. उठून पाहतात तर डबी नाही, बायकोही नाही. ते तडक वाचनालयात पोचले.

“माझे लात,” ते रुमालाआडून म्हणाले.

“लात? कुणी मारली तुम्हाला?” बायको घाबरली.

कवळी नसली की त्यांच्या त, थ, द या सगळ्यांचा ल होत असे. त्यांनी रुमाल बाजूला करून बोळकं दाखवलं आणि टेबलावरच्या बेडकाकडे बोट केलं. त्याच्या पाठीवर अजून गोळ्यांचं नाव दिसत होतं. बायकोने बेडूक हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

“अगंबाई. मला वाटलं, मीच खडे घातलेत आत. झाकण सैल होतं हो.”

“ले इकडे.”

“कडा ठोकून बंद केल्यात. आणि प्रदर्शन संपेपर्यंत मांडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम तुम्हीच केलाय. संध्याकाळपर्यंत कळ काढा.”

स्वतःच्याच नियमाने असं कोंडीत पकडल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सेक्रेटरीने त्यांचं नाव पुकारलं. दुसरा कोणी असता तर मान हलवून बसून राहिला असता. पण संतापाला दात लागत नाहीत. हेडमास्तर उठले.

“हे प्रलर्शन,” ते गरजले, “लाबडलोब लांबवा.”

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. सेक्रेटरीने पुढे येऊन जाहीर केलं. “एवढा मोठा विरोधक, पण कला पाहून विरघळला. सरांच्या शब्दाखातर प्रदर्शन उद्याही राहील.”

“लांबवा,” हेडमास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. “लांबवा म्हणलो ना.”

“बरं, बरं. आठवडाभर ठेवू.”

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, तशी बायकोने मागून सदरा ओढला. “अहो, बसा खाली. आणखी एकदा बोललात तर महिनाभर दुधावर राहावं लागेल.”

हेडमास्तर बसले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी नियम मोडून बेडूक उचलला, कानाशी नेऊन हलवला, आणि त्यांचं उरलेलं भाषण आत खुळखुळलं.