दारामागचा श्वास

"अजून एकदा वर ये! आणि या वेळी तोंड उघडं ठेव," सूनबाईंनी कठड्यावरून खाली हुकूम सोडला.

चार मजले खाली उभ्या असलेल्या नवऱ्याने लिफ्टकडे आशेने पाहिलं. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी होती. नसती तरी उपयोग नव्हता, कारण सूनबाईंना नवरा नको होता, त्याची धाप हवी होती.

प्रकरण असं होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी इंग्रजी सिनेमाच्या पडद्यावर खाली शब्द लिहायचं काम सूनबाईंना मिळू घातलं होतं. परीक्षेसाठी दहा मिनिटांचा तुकडा आला होता, पाच वाजेपर्यंत पाठवायचा. जमलं तर घरबसल्या पक्की नोकरी. नाही तर पुन्हा विम्याच्या ऑफिसात लोकांच्या शिव्या खात फोन उचलायचे. संवाद त्यांनी तासाभरात उरकले. घोडं अडलं ते नायिकेच्या श्वासांवर. ती बया दहा मिनिटांत एकवीस वेळा श्वास टाकते, आणि इंग्रजीत प्रत्येकाचं वेगळं बारसं झालेलं! धावून आली की पँटिंग, छातीतून शिट्टी वाजली की व्हीझ, दचकून हवा आत ओढली की गॅस्प. जिवंत माणसाकडून ऐकल्याशिवाय शब्द लिहायचा नाही, असा सूनबाईंचा खाक्या. सासरे दहा वर्षांपासून ठार बहिरे, ते कॉम्प्युटरसमोर बसून तोच तुकडा पुन्हा पुन्हा मजेत बघत होते. उरला नवरा.

नवरा वर पोचला. सूनबाईंनी छातीला कान लावला आणि चिठ्ठीवर नोंद केली. "व्हीझ आली! आता फक्त गॅस्प राहिली."

"पाणी..." नवरा म्हणाला.

पाणी मिळालं, पण बर्फाचं, आणि मानेवरून पाठीत. नवऱ्याने अशी आरोळी ठोकली की वरच्या गच्चीतली कबुतरं उडाली.

"ओरडतोस काय! हवा आत घ्यायची, बाहेर नाही!" सूनबाई वैतागल्या. चिठ्ठीवर आणखी दोन ओळी खरडून त्यांनी ती त्याच्या हातात कोंबली. "जा, पुन्हा खाली!"

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी जिन्यात त्याला अडवलं. त्याला बोलवेना, म्हणून त्याने हातातली चिठ्ठीच पुढे केली. नर्सबाईंनी वाचलं: 'चार पाच, धाप. चार वीस, छातीत शिट्टी. चार तीस, किंकाळी. गॅस्प येईपर्यंत थांबायचं नाही.'

"अरे देवा! दादा, तुम्ही पायरीवर बसा," म्हणत त्यांनी थेट ॲम्ब्युलन्सलाच फोन लावला. नवऱ्याने हातवारे करून नाही-नाही सांगितलं. नर्सबाईंना ते झटके वाटले.

वर घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती आणि सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, गेली हो नोकरी!" त्या सासऱ्यांना ओठ नीट हलवत म्हणाल्या. "शेवटची गॅस्प आहे का नाही, कळतच नाही!"

सासरे हसले. "अगं पोरी, ती दचकली ते मला दिसतंय की! ते कशाला लिहितेस? ती दचकते कशाने, ते सांग ना मला. त्या बंद दाराकडे बघून का घाबरते?"

सूनबाईंनी हेडफोन कानावर दाबला. नायिकेच्या श्वासांपायी त्यांनी दाराकडे लक्षच दिलं नव्हतं. दारामागे कोणीतरी उभं होतं! त्यांनी भराभर लिहिलं, 'दारामागे कोणीतरी धापा टाकतंय', आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना तुकडा पाठवून दिला.

हेडफोन काढला, तरी धापा चालूच. त्यांनी बिचकत घराचं दार उघडलं. दारात पायरीवरून उठून वर पळालेला नवरा, त्याच्यामागे धावलेल्या नर्सबाई आणि त्यांच्या मागोमाग स्ट्रेचर घेऊन चार मजले चढलेली ॲम्ब्युलन्सची दोन माणसं. त्यातलं एक स्वतःच स्ट्रेचरवर बसलं. "पेशंट... कुठाय?" दुसऱ्याने भिंतीला धरून विचारलं.

तेवढ्यात सूनबाईंचा फोन वाजला. ऑफिसचा मेसेज होता: 'दारामागचा श्वास फक्त तुम्हालाच सापडला. सोमवारपासून कामाला लागा.'

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवून अशी काही हवा आत ओढली की नवरा धाप विसरून ओरडला, "आली! गॅस्प आली!"

सासऱ्यांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागली वाटतं नोकरी."