सिद्रामप्पांचा जकात नाका

"थांबा! पिशवी दाखवा!"

शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक कट्टा होता. तिथनं येणाऱ्या या आरोळीला तोंड दिल्याशिवाय मंडईतनं आलेला एकही माणूस घरी पोचत नसे. सिद्रामप्पा गिरणीतनं रिटायर झालेले. प्रत्येकाची भाजी तपासायची आणि प्रत्येकावर खवळायचं, एवढंच काम त्यांना आता उरलं होतं.

"हे वांगं? हाताला जड लागतंय. निस्त्या बिया हायत की आत! हलकं बघून घ्यावं, देठ हिरवा बघावा. देवानं डोळे कशाला दिल्यात?"

भेंडीचा शेंडा ते बोटानं मोडून बघत. तो मोडला नाही, नुसता वाकला, की भेंडी आणणारा त्यांच्या मनातनं उतरला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कांदे-बटाटे एकाच टोपलीत भरलेले दिसले, तेव्हा त्यांनी रस्त्यावरनं ओरडून सांगितलं, "कुजनार! दोनी कुजनार!" आणि कुजले. त्यामुळं काकू जास्तच चिडल्या.

बेमोसमी भाजी दिसली की मात्र त्यांचा तोल सुटे. दुष्काळ सरून जेमतेम दोन वर्षं झाली होती. "ज्या वक्ताला जे येतं ते खावं, पारखून खावं. टाकायला आणू नये. इतक्यात इसरला व्हय?"

मी शाळेत नोकरी लागून आठ महिन्यांपूर्वी या बोळात राहायला आलो होतो. वैशाखात एका रात्री सासू-सासरे जेवायला येणार म्हणून मी ऐटीत फ्लॉवर आणला. उन्हानं डोकं तापलेलं, त्यात आरोळी आली.

"वैशाखात फ्लावर? अय्यो शिवा! मास्तर, तुमी पोरांना काय शिकवता हो?" त्यांनी एक तुरा मोडला, आतली अळी चिमटीत धरली आणि सगळ्या बोळाला दाखवली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मी भडकलो. "अप्पा, रोज दुसऱ्याच्या पिशव्या उचकता. तुमची पिशवी कशी कधी दिसत नाही? एकदा तुम्हीच भाजी आणून दाखवा की!"

अप्पांनी तुटलेला तुरा पिशवीत टाकला, बंद नीट जुळवले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"कुनासाटी आणू?" एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

घरी मी फुशारकीनं सगळं सांगितलं. बायको माझ्यावरच उखडली. "अहो, दुष्काळाच्या आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. तेव्हापासून त्या घरात चूल नाही पेटली. खानावळीचा डबा येतो. नळावर सगळ्यांना माहीत आहे!"

मी नळावर जात नव्हतो. राग अजून होता, पण आता काढायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कट्टा रिकामा. मी त्यांचं दार वाजवलं. "अप्पा, मंडईत चला. मला भाजीतलं कळत नाही."

"ते सगळ्या पेठेला दिसलंय," ते गुरगुरले, आणि टोपी डोक्यावर ठेवली.

मंडईत ते तीन भाजीवाल्यांशी भांडले. अर्धा तास एकेक शेंग मोडून कोवळी गवार निवडली. पिशवीला मला हात लावू दिला नाही. आमच्या दारात मात्र त्यांनी ती उंबऱ्याच्या बाहेरनंच पुढं केली.

"अप्पा, जेवूनच जायचं," बायको म्हणाली.

ते आत आले आणि तिच्यावरही खवळले. "विळी कशाला काडली? गवार चिरत्यात व्हय? हातानं मोडावी!" मग स्वतःच फतकल मारून बसले आणि सगळ्या शेंगा मोडून दिल्या.

पहिल्या घासानंतर अप्पा बराच वेळ ताटाकडं बघत राहिले.

"मीठ कमी हाय!" ते एकदम ओरडले.

बायकोनं लगबगीनं मीठ आणलं. त्यांनी ते बाजूला सारलं, आणि वाटी पुढं करून भाजीच वाढून घेतली.